मैदानावर पाहिलेले गडी : १९७७ ते १९८३

आपल्या शाळेत दहावीला पहिल्या आलेल्यांच्या नावांचा फलक आहे. वर्ष, नाव आणि टक्के. तो वाचत वाचतच आपण सगळे मोठे झालो. शाळेसाठी कबड्डी खेळलेल्यांचा असा फलक मात्र कधी लागला नाही. कपाटात ढाली आहेत, पण ढालीवर शाळेचे नाव असते, मुलांचे नसते. शाळेतला खेळाडू दोन-तीन वर्षे खेळतो आणि दाखला घेऊन निघून जातो. त्याचा खेळ फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत राहतो, आणि ते पाहणारे आता साठीला आले आहेत.

म्हणून या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला. १९७७ च्या जूनमध्ये मी पाचवीत आलो आणि १९८३ च्या मार्चमध्ये दहावीला बसलो. मी संघात कधीच नव्हतो. माझे अक्षर बरे म्हणून पीटीच्या सरांनी गुणांची वही माझ्याकडे दिली होती. त्यामुळे शाळेचा जवळजवळ प्रत्येक सामना मी रेषेला लागून बसून पाहिला. त्या काळात पाहिलेल्यांपैकी मला सर्वांत थोर वाटलेले तिघे इथे नोंदवतो. नावे मुद्दाम लिहीत नाही. एकाचे लिहिले तर संघातले बाकीचे सहा रुसतील. शिवाय तुम्ही वाचता वाचता ओळखालच.

आधी या खेळाविषयी थोडे. आपल्या आजोबांच्या तोंडी याचे नाव हुतूतू होते. त्यातही संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये बाद होऊनही तो मैदानातच राही, समोरच्याला फक्त गुण मिळे. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. आजच्या कबड्डीचा पाया हाच संजीवनीचा. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत जाऊन या खेळाचे प्रात्यक्षिक केले. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आज महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

देवगडात मात्र कबड्डी पुस्तकातून आली नाही. ती मुंबईहून एसटीच्या टपावरच्या ट्रंकांबरोबर आली. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्या गावोगावचे लोक होते, आणि तिथल्या चाळीचाळींत कबड्डीची मंडळे होती. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी आले की भातकापणी झालेल्या मळ्यात नाहीतर देवळासमोर फक्कीच्या रेषा पडत. गावातल्या पोरांनी पकडी शिकल्या त्या या सामन्यांत.

शाळेचे मैदान म्हणजे जांभ्यावर पसरलेली लाल माती. स्पर्धा जवळ आल्या की दोन वर्ग खडे वेचायला आणि एक वर्ग पाणी मारायला. तरी गुडघे सोलायचे ते सोलायचेच. रानमोडीचा पाला चोळून लावला की गडी पुन्हा आत. तालुक्यात जिंकले तर जिल्ह्याला जायचे, आणि १९८१ पर्यंत आपला जिल्हा रत्नागिरी होता. नांदगाव तिठ्यावरून महामार्गाला लागायचे, मग खारेपाटण, राजापूर, लांजा, हातखंबा असे करत रत्नागिरी. मुले पोचायची तीच पाय आखडलेली आणि ओकाऱ्या काढून थकलेली. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मोठ्यांना त्यात कचेऱ्या जवळ आल्याचे सुख होते. आम्हाला एवढेच कळले की जिल्ह्याचे सामने आता कणकवली-कुडाळच्या टप्प्यात आले.

पहिला गडी आमचा डावा कोपरा. बंदरावरच्या घरातला. सुट्टीच्या दिवशी रापण ओढायला जाणारा, त्यामुळे त्याचे मनगट पंधराव्या वर्षी मोठ्या माणसाचे होते. पण त्याचा खरा गुण ताकद नव्हता, थांबणे हा होता. चढाईचा गडी मध्यरेषा ओलांडून आला की बाकीचे पुढे-मागे नाचत. हा वाकून उभा, नजर समोरच्याच्या पायांवर. गडी कोपऱ्याकडे वळला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागला, की त्या निमिषात याचा हात घोट्यावर पडलेला असे. घोटा धरला की तो कंबर जमिनीला टेकवून मागे बसे. मग समोरच्याने कितीही झटके दिले तरी सुटका नाही. उगाच धडपड नाही, आरडाओरडा नाही. पकड झाली की उठून हाताची माती चड्डीला पुसायचा आणि पुन्हा जागेवर.

दुसरी आमच्याच वर्गातली मुलगी, मुलींच्या संघातली मध्यरक्षक. मुलींनी मैदानात उतरायचे म्हणजे आधी घरची परवानगी, मग कपड्यांचा प्रश्न, मग पाहायला जमलेल्यांच्या शेरेबाजीचा. ती या तिन्हींना पुरून उरली. साखळी कधी पुढे न्यायची आणि कधी सोडायची हे तिच्याइतके मुलांच्या संघातही कोणाला कळत नव्हते. शेजारणीला ती बोलून सांगत नसे. हात धरलेला असे, तोच दाबायची. एक दाब म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे मला तिने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले. १९८१ च्या तालुका स्पर्धेत एका सामन्यात आपल्या मुलींनी नऊ पकडी केल्या, त्यांतल्या सहांत तिचा हात होता. वहीत तशी नोंद आहे.

तिसरा आमच्यात उशिरा आला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने उलटले, चाळीतल्या चुली थंडावल्या आणि कितीतरी घरांनी बायकामुले गावी धाडली. त्या जूनमध्ये आपल्या शाळेतही मुंबईची मुले आली. त्यांतला एक लालबागचा, आजोळी राहायला आलेला. पहिल्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने चढाई केली आणि आम्ही सगळे गप्प झालो.

तोपर्यंत आमच्याकडची चढाई म्हणजे दशावतारातल्या राजासारखी : मोठा आवाज, मोठ्या उड्या. याचे सगळे खाली. गुडघ्यात वाकून तो निदान रेषेपर्यंत सरकत जाई आणि पायाचा अंगठा पुढे काढून स्पर्श करी. कोणी पाठीमागून आले तर न पाहता मागची लाथ. चढाईला आजच्यासारखी तीस सेकंदांची मोजणी तेव्हा नव्हती. दम टिकेल तेवढी चढाई. त्याचा दम टिके, आणि पंचाने कान जवळ नेला तरी प्रत्येक ‘कबड्डी’ स्वच्छ ऐकू येई.

डावा कोपरा आणि हा, दोघे एका संघात आले ते फक्त एका वर्षासाठी. त्या वर्षी आपण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. शेवटच्या पाच मिनिटांत लालबागचा गडी बाद झाला, पाठोपाठ आणखी दोघे, आणि मैदानात एकटा डावा कोपरा उरला. तो गेला तर लोण, म्हणजे वर दोन गुण. बाहेरून कोणीतरी ओरडत होते, “रे झिला, मागे सर! अंगावर घेव नको!” तो मागे सरला नाही. एकट्याने घोटा धरला आणि समोरचा त्यांचा सर्वांत चांगला गडी बसवला. आपला एक जिवंत झाला. पुढच्या चढाईला त्या दोघांनी मिळून पुन्हा पकड केली. तरीही आपण एका गुणाने हरलो.

आजच्या नियमात तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळतो. त्या दोन पकडींना आज दोनाचे चार गुण मिळाले असते. वहीतले आकडे मी अनेकदा पुन्हा मोजले आहेत. तेवढ्या हिशेबाने सामना आपला होता.

पुढे काय झाले हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. डावा कोपरा दहावीनंतर होडीवर गेला. लालबागचा गडी मुंबईला परतला. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. वडिलांची गिरणी पुन्हा चालू झाली नाही, आणि तो एका लहान कारखान्यात लागला. संध्याकाळी मंडळाकडून खेळायचा, तेही काही वर्षे. मुलगी ज्या कॉलेजात गेली तिथे मुलींचा संघच नव्हता.

त्या वर्षीच्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी केवळ प्रात्यक्षिकापुरती होती. १९९० साली बीजिंगला तिला पदक मिळू लागले. मुलींना त्यासाठी २०१० च्या ग्वांगझूपर्यंत थांबावे लागले. २०१४ साली मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांखाली, घराघरांत दिसू लागला. पुढच्या वर्षी यू मुंबाच्या डाव्या कोपऱ्यावर इराणचा फजल अत्राचली उभा राहिला. त्याने घोटा धरून मागे बसताना पाहिले आणि मी घरच्यांना म्हणालो, हे मी आधी पाहिले आहे. ते हसले. त्यांचे काय चुकले? माझ्याकडे दाखवायला एक फोटोसुद्धा नाही.

आपले गडी फजलइतके मोठे होते, असा माझा दावा नाही. त्यांना तेवढे मोठे होण्याइतका वेळच मिळाला नाही. आज खेळाडूला दहावीत सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. आपल्या वेळी जिल्ह्याचा उपविजेता म्हणजे एक कागद, आणि तो कागद पावसाळ्यात कौलांच्या गळतीखाली भिजून जाई. आपण त्यांना काही देऊ शकलो नाही. निदान त्यांनी काय केले हे तरी लिहून ठेवता येईल.

म्हणून स्नेहमेळाव्याला येताना एवढे करा. पेटीत, माळ्यावर, जुन्या अल्बममध्ये संघाचा फोटो किंवा प्रमाणपत्र असेल तर घेऊन या. गुणांची वही मी आणणार आहे. दरवर्षीचे सात खेळणारे आणि पाच राखीव अशी बारा नावे, मुलांची आणि मुलींचीही, आपण एकत्र बसून भरू. खो-खो आणि व्हॉलीबॉलचीही भरू. १९७९ च्या मुलांच्या संघातला उजवा कोपरा कोण, यावर माझे आणि दोघा मित्रांचे अजून एकमत नाही. ज्याला ठाऊक असेल त्याने तो वाद त्या दिवशी मिटवावा. यादी पूर्ण झाली की मुख्याध्यापकांना देऊ आणि टक्क्यांच्या फलकाशेजारी भिंतीवर थोडी जागा मागू.