कर्जतचा बँकर

कर्जत स्थानकावर ‘बँकर’ म्हणजे पेढीवाला नव्हे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारे जादा इंजिन.

इंग्रजीतील ‘बँक’ हा शब्द पैशाची पेढी, नदीचा काठ आणि रेल्वेच्या परिभाषेत लोहमार्गाचा चढ, असे तिन्ही अर्थ वाहतो. पेढीचा अर्थ इटलीतील सराफांच्या बाकावरून आला. काठ व चढ हे अर्थ जमिनीच्या उंचवट्यावरून.

खोपोलीच्या वरच्या डोंगरातून जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट चढ. तो बांधताना हजारो मजूर दगावले. त्यांतील अनेक पटकीने.

मराठीतही ‘घाट’ म्हणजे नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातील वाट, दोन्ही. इंजिनाच्या नावात साहेबाचा शब्द राहिला. मार्गाच्या नावात मात्र येथील माणसांचा.