अ‍ॅग्रिगेशन : कळपात आणणं

दोन नेटवर्क स्विच चार केबल्सनी जोडून त्यांचा एकच दुवा करणं म्हणजे ‘लिंक अ‍ॅग्रिगेशन’. या शब्दाच्या पोटात लॅटिन ‘ग्रेक्स’ आहे, म्हणजे कळप. ‘अ‍ॅग्रेगारे’ म्हणजे कळपात आणणं. कळपातून वेगळं काढणारं ‘सेग्रिगेशन’ही याच घरातलं. भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘ग्राम’चं नातंही या कुळाशी जोडतात. ‘इंद्रियग्राम’ या शब्दात त्याचा ‘समूह’ हा अर्थ आजही दिसतो.

स्विचचा कळप मात्र बोलाचालीने जमतो. २००० सालच्या ८०२.३एडी या प्रमाणकातल्या ‘एलएसीपी’ या प्रोटोकॉलनुसार दोन्ही टोकं एकमेकांना निरोप धाडतात. निदान एक टोक ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवं. दोन्ही ‘पॅसिव्ह’ ठेवली, तर सुरुवात कुणीच करत नाही आणि जोडणी होत नाही. एकेक गिगाबिटच्या चार केबल्सची एकूण क्षमता ४ गिगाबिट होते. पण एक संवाद एकाच केबलमधून जातो, त्यामुळे फ्रेमचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, क्रम बिघडत नाही. जोडणी झाली की एक केबल मुद्दाम उपसून बघावी. उरलेल्या तिघींनी तिचा भार उचलला, तरच तो खरा समूह.