पॉइंटचं कूळ

मे महिन्यात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत एखादं नवं जोडपं गाडीतून उतरलं की थंड हवेच्या आधी त्याच्या हाती पॉइंटांची यादी पडते. केट्स पॉइंट, आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन, बॉम्बे पॉइंट. गाडी लावायची, कठड्यापर्यंत चालायचं, दरी बघायची, एकमेकांना जवळ घेऊन फोटो काढायचा, भाजलेलं कणीस खायचं आणि पुढच्या पॉइंटला निघायचं. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की डोंगर असाच बघायचा असतो, असं आपल्याला वाटतं. पण या रीतीलाही बाप आहे, आजा आहे. आणि त्यातला आजा शनिवारवाड्याच्या सावलीत चित्रं काढत होता.

त्याच्या आधी या कड्यांवर कोणी जात नव्हतं असं नाही. क्षेत्र महाबळेश्वरला यात्रेकरू शतकानुशतकं येत होते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी पंचगंगेच्या देवळात एकत्र पडतं. तिथं स्नान करायचं, महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि परतायचं. शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती इथंच. कड्यांवर पहारेही असत. पण पहारेकरी दरीत उतरलेला शत्रू शोधायचा आणि यात्रेकरूची नजर गोमुखावर असायची. खाली जावळीचं खोरं होतं आणि त्या खोऱ्याची दहशत होती. त्या दरीकडे नुसतं बघत बसावं, तेवढ्यासाठी घरदार सोडून इथवर यावं, ही कल्पना बाहेरून आली.

ती जन्मली इंग्लंडच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात. 1778 मध्ये टॉमस वेस्ट नावाच्या धर्मोपदेशकानं त्या तळ्यांची एक मार्गदर्शिका काढली. कुठलं तळं नेमक्या कुठल्या जागी उभं राहून पाहावं, म्हणजे ते एखाद्या चित्रासारखं दिसेल, हे तिनं क्रमवार सांगितलं. या जागांना तो ‘स्टेशन’ म्हणे. हौशी प्रवासी त्या स्टेशनावर पोचले की खिशातून काळसर, किंचित फुगीर आरसा काढत. सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लॉद लोरँ याच्या नावानं तो ओळखला जाई. मग देखाव्याकडे पाठ करून ते आरशात देखावा बघत, कारण आरशात तो चौकटीत बसायचा आणि रंग मवाळ व्हायचे. आज कठड्याशी पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ही पाठमोरी रीत मोबाइलहून दोन शतकं जुनी आहे. पुढं फ्रान्सशी युद्ध पेटलं, युरोपची वाट बंद झाली आणि इंग्रज प्रवासी आपल्याच बेटावरचे डोंगर हिंडू लागले. ती सवय अंगात मुरलेली पिढी अधिकारी होऊन आपल्याकडे आली.

आता पुण्याकडे वळू. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आश्रयानं जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आज सर्वत्र दिसणारी चित्रं वेल्सची. पुण्यात त्यानं चित्रशाळा घातली आणि गंगाराम तांबट या मराठी चित्रकारानं त्याच्याबरोबर वेरूळची लेणी कागदावर उतरवली. वेल्सनं मुंबई आणि आसपासची बारा दृश्यंही चितारली होती. ती 1800 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून निघाली. एका ठरावीक जागी उभं राहून पाहिलेला आपला मुलूख चौकटीत बसवण्याचं हे काम आपल्याकडे फार थोड्यांनी त्याच्याआधी केलं असेल. वेल्सची मुलगी सुझाना हिनं 1799 मध्ये मॅलेटशी लग्न केलं. त्यांच्या मुलांपैकी दोघं मुंबई इलाख्यात नोकरीला आले. आर्थर मॅलेटचं नाव आर्थर सीटला मिळालं. दुसरा ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर. 1850 च्या मे महिन्यात तो चौकहून माथेरानवर चढला आणि तिथंही पॉइंटांची माळ उभी राहिली. देखाव्यांच्या चित्रकाराचे दोन नातू आणि आपल्या दोन गिरिस्थानांची ओळख! योगायोग म्हणून हे सोडून देणं मला जमत नाही. ज्या घरात आजोबांची चित्रं होती, त्या घरातल्या पोरांना कडा दिसला की उभं राहण्याची जागा आधी दिसत असणार.

महाबळेश्वरची सुरुवात मात्र आजारातून झाली. 1824 मध्ये साताऱ्याच्या फौजेतला लॉडविक इथं चढून आला, पाठोपाठ रेसिडेंट ब्रिग्ज आला आणि त्याच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून गाडीरस्ता करून दिला. तापानं खंगलेल्या गोऱ्या शिपायांना थंड हवा हवी होती. गव्हर्नर सर जॉन माल्कमनं 1829 मध्ये तह करून वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा घेतली आणि पेठेला माल्कमचं नाव लागलं. पुढं मुंबई सरकारच उन्हाळ्यात इथं हलू लागलं. पाऊस तोंडावर आला की बंगल्यांना गवताच्या झडी बांधायच्या आणि खाली उतरायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीचं आपलं वेळापत्रक सरकारच्या या मुक्कामावरून पडलं आहे.

मग साहेबांबरोबर मडमा आल्या आणि पॉइंटला जोडीनं जाण्याची चाल पडली. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडची बायको अमेलिया 1848 ते 1853 या काळात मुंबई इलाख्यात होती. ‘चाउ-चाउ’ या 1857 मध्ये निघालेल्या पुस्तकात तिनं इथल्या वास्तव्याबद्दल मनापासून लिहिलं आहे. तेव्हा मुंबईहून इथं येणं सोपं नव्हतं: समुद्रानं बाणकोट, सावित्रीच्या खाडीतून महाडच्या बाजूला, तिथून पालखीनं घाट. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तशी पुणे, वाई, पसरणी घाट, पाचगणी ही वाट रुळली. आज मुंबई-पुण्याची बहुतेक जोडपी याच वाटेनं मोटारीत बसून वर येतात.

आर्थर सीटवर गाइड सांगतात की आर्थरची बायको आणि मुलं सावित्रीत बुडाली आणि तो इथं बसून त्या नदीकडे बघत राही. जुनं गॅझेटिअर मात्र एवढंच सांगतं, की तिथं पहिलं घर त्यानं बांधलं. नव्या जोडप्यांना गाइडची गोष्टच भावते, आणि तिच्यामुळे ती दरीकडे जास्त वेळ बघतात, हेही खरं.

मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आर्थर सीटला आसपासची माणसं मढीमहाल म्हणत. 1439 मीटरवरचा, महाबळेश्वरातला सर्वांत उंच विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा; 1923 मध्ये गव्हर्नर झालेल्या लेस्ली विल्सनचं नाव त्याला मागाहून चिकटलं. बारसं पुसावं असं मी म्हणत नाही. लॉडविक, मॅलेट हेही या डोंगराच्या इतिहासातलेच. पण फलकावर सिंदोळा आणि मढीमहाल ही नावं तेवढ्याच ठळक अक्षरांत असायलाच हवीत. ज्यांनी ती ठेवली त्यांची गुरं या कड्यांवर चरली आहेत.

आणि पॉइंट झाले की जोडप्यांनी आल्या वाटेनं परतू नये. आर्थर सीटवर डाव्या हाताला सावित्रीचं खोरं आणि उजव्या हाताला जोरचं खोरं पाहून घ्यावं, मग गाडी आंबेनळी घाटात घालावी. प्रतापगडाच्या पायथ्याचं वाडा गाव मागं टाकून पोलादपूरकडे उतरावं आणि खाली सपाटीला लागल्यावर थांबून मागं वळावं. वरून ज्या कड्यावर आपण उभे होतो, तो कोकणातल्या माणसाला रोज कसा दिसतो, हे तिथं कळतं. ती जागा अजून कुठल्याच यादीत नाही.