हापूसची लासलगावमार्गे न्यूयॉर्कवारी

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ने ही सेवा सुरू केली, तेव्हा विमान लंडनला थांबून जाई. थेट विमानाला आता साधारण १५ ते १६ तास लागतात. हापूसला मात्र ही वाट बरीच वर्षे बंदच होती. फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याच्या धास्तीने अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा अडवला होता.

वाट मोकळी झाली ती कांद्याच्या गावातून. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावी २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले, ते मुख्यतः कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. विकिरणाची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात; कांद्याला १०० ग्रेहून कमी मात्रा पुरते. आंब्यातील किडीसाठी किमान ४०० ग्रे लागते. पेट्या कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांपुढून सरकतात. फळ त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. अमेरिकेच्या मान्यतेनंतर एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या तिकडे पोहोचल्या.

हा द्राविडी प्राणायामच होता. कोकणातला आंबा कसारा घाट चढून लासलगावला यायचा आणि विमानासाठी पुन्हा घाट उतरून मुंबईला जायचा. पुढे वाशीतही विकिरणाची सोय झाली आणि हा हेलपाटा कमी झाला. कोविडकाळात अमेरिकी निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० व २०२१ मध्ये ही निर्यात थांबली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.