ओळंब्याची भूमिती

गवंडी भिंत रचताना ओळंबा सोडतो. दोरीच्या टोकाचे वजन डुलायचे थांबले, की भिंतीला कुठे पोट आले आहे ते लगेच दिसते. युरोपातल्या अनेक भाषांत लंबासाठी रुळलेल्या ‘पर्पेंडिक्युलर’ या शब्दात हाच ओळंबा आहे. लॅटिनमध्ये ‘पेन्देरे’ म्हणजे लटकणे आणि ‘पेर्पेन्दिकुलुम’ म्हणजे ओळंबा. भूमितीने तो गवंड्याकडूनच उचलला; पण लॅटिन ही कुणाची घरची भाषा उरली नाही, तेव्हा शब्द राहिला आणि दोरी दिसेनाशी झाली. नेदरलँड्समधल्या मुलांना ती आजही दिसते. लंब रेषेला ही मुले ‘लोटरेख्त’ म्हणतात: ‘लोट’ म्हणजे ओळंब्याच्या टोकाचे शिसे, ‘रेख्त’ म्हणजे सरळ.

डच गणिताची भाषा अशी देशी झाली, त्यात मोठा वाटा सिमॉन स्टेविनचा. १५४८ मध्ये ब्रुगे येथे जन्मलेला हा गणिती पुढे लायडनला आला आणि दशांश अपूर्णांकांवरची ‘दे थिन्डे’ ही पुस्तिका त्याने १५८५ मध्ये डचमध्ये लिहिली. गणिताला तो ‘विसकॉन्स्ट’, म्हणजे निश्चिताची कला म्हणे. आजचा ‘विसकुंडे’ हा शब्द त्याच वळणाचा. हा निव्वळ भाषाभिमान होता, असे कुणी म्हणेल. अभिमान होताच: वजनशास्त्रावरच्या १५८६ च्या ग्रंथाच्या आरंभी त्याने डचची थोरवी गायली आणि तिचे एकाक्षरी शब्द मोजून दाखवले. पण नुसत्या अभिमानावर परिभाषा टिकत नाही. स्पेनशी युद्ध चालू होते. तटबंदीला आणि मोजणीला माणसे हवी होती. १६०० मध्ये डच सेनानी प्रिन्स मॉरिट्सच्या सांगण्यावरून लायडनला अभियंत्यांसाठी शिक्षण सुरू झाले. आराखडा स्टेविनचा, शिकवणे डचमध्ये, कारण कामावर कुणी लॅटिन बोलत नव्हते. तिथल्या पहिल्या शिक्षकांपैकी लुडोल्फ फान कोलेन याने पायची किंमत ३५ दशांश स्थळांपर्यंत काढली, आणि त्याला लॅटिन येत नव्हते. लॅटिनची अट असती, तर इतका मोठा गणिती वर्गाबाहेरच राहिला असता.

देशी शब्दांनी विद्या गावापुरती होते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपायही लायडनलाच झाला: विल्लेब्रॉर्ड स्नेलने स्टेविनचे लेखन लॅटिनमध्ये नेले. विचार आधी कामाच्या भाषेत, मग विद्वानांच्या; हा क्रम मला योग्य वाटतो. आपला ‘लंब’ही संस्कृतच, मग तो युरोपातल्या लॅटिनपेक्षा वेगळा कसा? ‘लीलावती’त तो आहे, हे खरे, पण लटकण्याचा तोच धातू आपल्या ‘ओळंब्या’त अजून बोलतो. शाळेने दोन्ही शब्द शेजारी ठेवले, की अर्थ सांगावा लागत नाही. स्टेविनच्या मार्गाची मर्यादाही डचमध्येच दिसते. वर्तुळाला टेकणारी रेषा तिथे ‘राकलाइन’, स्पर्शाची रेषा, अगदी आपल्या स्पर्शिकेसारखी. त्रिकोणमितीच्या कोष्टकांतले गुणोत्तर मात्र १५८३ मध्ये थॉमस फिंकेने रूढ केलेल्या लॅटिन नावानेच, ‘टांगेन्स’ म्हणूनच राहिले. रेषा कागदावर ओढता येते, तिला देशी नाव लागले. आकड्यांच्या रांगांसाठी त्याची गरज कुणालाच भासली नाही.