खिचडीचा सातबारा

बायको माहेरी, संकष्टी आणि पंचाहत्तरीची आई उपाशी, असा योग आमच्या सदाशिव पेठेत आला. मी खिचडी करायला घेतली. बँकेतली सवय, एकेका जिन्नसाचं मूळ खातं तपासलं, तर सगळे परदेशी! मिरची, बटाटा, शेंगदाणा, तिन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, त्यानंतरच ते इकडे आले. 'बटाटा' हे नावही पोर्तुगीजांचंच. साबुदाणा पूर्वी मलायाकडून यायचा, तो झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडला, तेव्हा सेलमला कंदापासून करू लागले. त्या कंदाचं माहेरही ब्राझीलकडचं! म्हणजे १२९६ साली समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पानात ही खिचडी पडणं शक्यच नव्हतं.

एवढं आईला ऐकवेपर्यंत खिचडीची खळ झाली. बँकेची पाकिटं चिकटली असती. ओशाळून म्हणालो, "आई, यात आपलं म्हणावं असं तूप तेवढं आहे गं."

"आणि करणारा?" म्हणत तिने ताटली पुसून खाल्ली.