सुखायूचे मोजमाप

आयुर्वेदाची व्याख्या करताना चरकसंहितेने एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. हितकर आयुष्य कोणते व अहितकर कोणते, सुखी कोणते व दुःखी कोणते, आणि त्या आयुष्याचे मान, म्हणजे माप काय, हे जेथे सांगितले आहे तो आयुर्वेद होय, असे तिचे म्हणणे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, शरीराची एक बाजू निकामी करणाऱ्या विकाराचेही वर्णन आहे. त्यालाच आपण पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतो. परंतु पक्षाघातातून वाचलेल्या माणसाचे आयुष्य कितपत सुखाचे आहे हे पद्धतशीर मोजून पाहावे, असे वैद्यकाला वाटू लागले त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

दीर्घकाळपर्यंत या रोगाचा हिशेब दोनच रकान्यांत मांडला जात असे : रोगी जगला, की दगावला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दृष्टी पालटली. जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्याच्या खटपटीतून पुनर्वसनवैद्यकाला बळ आले. १९४८ साली अस्तित्वात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या घटनेतच असे नमूद केले, की आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, ती याच विचाराच्या ओघात.

आता रोगी घरी परतू लागला. पण परतला तो कोणत्या अवस्थेत? ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ साली या प्रश्नासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. १९६५ साली अमेरिकेतील मेरीलँड येथील फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी दहा नित्यक्रियांची यादी प्रसिद्ध केली. जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, चालणे, जिना चढणे अशा क्रियांना गुण द्यायचे; एकूण गुण शंभर. हा बार्थेल निर्देशांक आजही जगभर वापरला जातो. त्याच्या कर्त्यांची सचोटी अशी, की त्यांनी स्वतःच एक इशारा देऊन ठेवला : शंभर गुण मिळवणाऱ्याला सेवकाची गरज नाही एवढेच त्यातून ठरते, तो स्वयंपाक करू शकेल, घर चालवू शकेल, चार माणसांत वावरू शकेल, असे ठरत नाही.

या इशाऱ्याचा अर्थ आपल्या परिसरात शोधून पाहावा. भिलाईत पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा मराठी गृहस्थ राहतो, अशी कल्पना करू. पक्षाघातानंतर तो व्यायामाने हळूहळू चालू लागला, डाव्या हाताने जेवू लागला. कागदावर त्याचे गुण उत्तम आहेत. परंतु लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताने घास घ्यावा लागेल म्हणून तो लग्नाला जात नाही. मांडी घालता येत नाही म्हणून पूजेला बसत नाही. जीभ अडखळते म्हणून बाजारात बोलत नाही. दहा क्रियांच्या यादीत या तीन गोष्टींना जागाच नाही. आणि त्याचे दुःख नेमके त्याच तीन गोष्टींत आहे.

म्हणून पुढच्या पिढीच्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. रोग्याला काय करता येते हे वैद्याने पाहण्याऐवजी, रोग्याला आपले जीवन कसे वाटते हे त्यालाच विचारायचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या काही वर्षांत पंधरा केंद्रांच्या साह्याने अशी प्रश्नावली रचली. त्यांत दिल्ली व मद्रास ही आपली दोन केंद्रे होती. माणूस ज्या संस्कृतीत व मूल्यांत राहतो तिच्या संदर्भात त्याला आपले जीवन कसे भासते, यास तिने जीवनमान म्हटले. १९९९ साली खास पक्षाघाताच्या रोग्यांसाठी अमेरिकेत एकोणपन्नास प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. तिच्यात हातापायांबरोबर भाषा, मनःस्थिती, कुटुंबातील स्थान व समाजातील वावर यांनाही स्थान मिळाले.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली भाषांतराची. त्या प्रश्नावलीत पायमोजे घालणे, कपड्याची चेन ओढणे यांविषयी विचारणा आहे. आयुष्यभर लुगडे नेसलेल्या आजीला त्या प्रश्नाचा काय उपयोग? तिला निऱ्या घालता येतात का, हे विचारले पाहिजे. शब्द मराठी करून भागत नाही, प्रश्नातील जीवनही मराठी व्हावे लागते. दुसरी अडचण अधिक कठीण आहे. पुष्कळ रोग्यांची वाचाच गेलेली असते. ज्यांना विचारणे सर्वांत अगत्याचे, त्यांनाच उत्तर देता येत नाही. मग मुलगा किंवा सून उत्तर देते; आणि अनुभव असा, की घरची माणसे रोग्याची स्थिती तो स्वतः सांगेल त्याहून बहुधा वाईट सांगतात. यावर उपाय म्हणून २००३ साली लंडनमध्ये वाचाघात झालेल्यांसाठी सोपी केलेली एकोणचाळीस प्रश्नांची प्रश्नावली पुढे आली. मोठी अक्षरे, सोपी वाक्ये, बोट दाखवून उत्तर देण्याची सोय, एवढ्या साध्या साधनांनी कित्येक मुक्या रोग्यांना आपले म्हणणे मांडता येते.

श्रोतेहो, शासकीय सेवेत आम्हांला टक्केवारीची सवय असते. १९९५ च्या व २०१६ च्या, दोन्ही अपंगविषयक कायद्यांनी सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. वाटप न्यायाने व्हावयाचे तर अशी रेषा कोठेतरी ओढावीच लागते. मात्र तो आकडा शरीराच्या हानीचा असतो, जीवनाच्या हानीचा नव्हे. प्रमाणपत्र एकदा दिले की फाईल बंद होते. पण पक्षाघातानंतरचे जीवन महिन्यामहिन्याने बदलत असते. दर काही महिन्यांनी कोणीतरी त्या माणसासमोर बसून, त्याच्या भाषेत, घाई न करता विचारले, तर मिळालेल्या उत्तरावरून उपचाराची दिशा बदलता येते : कधी जिन्याचा सराव थांबवून वाचेचा सराव वाढवावा लागेल, कधी औषधाआधी एखादा मित्र शोधून द्यावा लागेल. चरकाने ज्याला आयुष्याचे मान म्हटले, त्याच्या मोजणीचा आरंभ या विचारण्यात आहे.